पोपटाचा डोळा विसरा, फ्रंट साइट बघा

परवा आमच्या शूटिंग रेंजवर एक ताई मुलाला घेऊन आल्या, मुलगा अकरावीतला, आणि त्याने पिस्तुलाला हात लावायच्या आधीच त्यांनी विचारलं की ह्याचं कॉन्सन्ट्रेशन वाढेल ना हो, एका जागी दहा मिनिटं बसत नाही. मी म्हटलं ताई दहा मिनिटं कोण मागतंय, आठ सेकंद द्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय, पण खरंच हिशोब करून बघा. १० मीटर एअर पिस्तुलच्या मॅचमध्ये ६० शॉट असतात आणि त्यासाठी ७५ मिनिटं मिळतात. एक शॉट म्हणजे हात टार्गेटवर स्थिरावल्यापासून गोळी सुटून वर एखादा सेकंद, फार तर आठ सेकंद. आठ गुणिले साठ, चारशे ऐंशी सेकंद, म्हणजे आठ मिनिटं. पंचाहत्तर मिनिटांत कामाची मिनिटं फक्त आठ! उरलेल्या सदुसष्ट मिनिटांत तुम्ही काय करता ह्यावर ती आठ कशी जाणार ते ठरतं, आणि नवीन लोक नेमके इथेच मार खातात, कारण ते पंचाहत्तरच्या पंचाहत्तर मिनिटं दात-ओठ खाऊन लक्ष द्यायला जातात आणि चाळिसाव्या शॉटपर्यंत डोक्याचं दही होतं.

मी काही मोठा शूटर नाही हे आधीच सांगून टाकतो. इंदूरात बँकेत नोकरी, एकोणचाळिसाव्या वर्षी हौस म्हणून सुरू केलं, सात वर्षं झाली, स्कोअर ६०० पैकी ५४० च्या आसपास घुटमळतो, कधी वर कधी खाली. संध्याकाळी पोरांना थोडंफार दाखवतो. जे कळलंय त्यातलं अर्धं चुका करून आणि अर्धं आमच्या सरांकडून. सर रिटायर्ड फौजी, महूचे. महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, इंदूरहून गाडीने तासाभराचा सुद्धा रस्ता नाही, लंडन २०१२ ला रॅपिड फायर पिस्तुलात सिल्व्हर आणणारे विजय कुमार तिथेच तयार झाले. त्यामुळे सरांना आमच्या बँकवाल्या तक्रारी, आज मूड नाही, आज लक्ष लागत नाही, ह्या फारशा पटत नाहीत.

आधी लक्ष द्यायचं कुठे ते ठरवा

आपल्याकडे लक्ष म्हटलं की अर्जुन आलाच. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त पोपटाचा डोळा दिसतो. आजीने सांगितलेलं, शाळेत बाईंनी सांगितलेलं, डोक्यात घट्ट बसलंय, आणि पिस्तुलात हेच आडवं येतं. धनुष्याचं मला माहीत नाही पण पिस्तुल धरून तुम्ही टार्गेटच्या मधल्या टिंबाकडे टक लावून बघायला लागलात की गोळी हमखास बाहेर जाणार. बघायचं असतं फ्रंट साइटकडे, म्हणजे नळीच्या टोकाला जी छोटी पट्टी असते तिच्याकडे, ती सुईसारखी टोकदार, स्वच्छ दिसली पाहिजे आणि टार्गेट मागे धूसर राहिलं पाहिजे.

का ते एकदा समजून घ्या म्हणजे कुणी सांगितलं म्हणून करायची पाळी येणार नाही. मागची साइट आणि पुढची साइट ह्यांच्यात साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं आणि टार्गेट १० मीटरवर, म्हणजे जवळपास तीसपट लांब. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर एका बाजूला सरकली तर टार्गेटवर गोळी ३ सेंटिमीटर सरकते आणि थेट सातात जाते, म्हणजे दहाऐवजी सातच गुण. आता उलट बघा, दोन्ही साइट एकमेकींशी बरोबर आहेत पण हात हलल्यामुळे नेम टार्गेटवर ५ मिलिमीटर भटकला, तर गोळीही ५ मिलिमीटरच भटकणार, आणि एअर पिस्तुलचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असल्यामुळे तो शॉट दहाच! म्हणजे हात हलणं माफ आहे, साइट वाकडी होणं माफ नाही. हे ज्या दिवशी डोक्यात उतरलं त्या दिवसापासून माझी हात थरथरतो ही भीती निम्मी झाली. हात सगळ्यांचाच हलतो हो, ऑलिंपिकवाल्यांचाही, त्यांचा कमी जागेत हलतो एवढंच.

म्हणून नेमही एका टिंबावर धरायचा नाही, काळ्या गोळ्याच्या खाली पांढऱ्या भागात एक छोटा इलाखा धरायचा आणि पिस्तुलाला त्या इलाख्यात फिरू द्यायचं. तुमचं काम दोनच, साइट सरळ ठेवणं आणि ट्रिगर हळूहळू दाबत राहणं. "आत्ता बरोबर आलंय, आत्ता मार" असं जे मनात ओरडतं ना, त्याचं ऐकलं की बोट झटका देतं आणि गोळी खाली-डावीकडे, डावखुऱ्यांची खाली-उजवीकडे.

रायफलवाल्यांचं थोडं वेगळं, त्यांना डायऑप्टरमधून, म्हणजे बारीक भोकाच्या मागच्या साइटमधून, गोलात गोल बसवायचा असतो आणि त्यांचा दहा म्हणजे फक्त अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, त्यामुळे तिथे माफी कमी. पण डोक्याचा भाग जवळजवळ तोच आहे.

आणि इथे एक गोष्ट खास चाळिशीच्या पुढच्यांसाठी. दोन-तीन वर्षांपूर्वी माझं लक्ष लागेनासं झालं, म्हणजे मला तसं वाटलं, विसाव्या शॉटनंतर सगळं तरंगायला लागायचं, डोकं जड. मी प्राणायाम केला, रात्रीचा मोबाइल बंद केला, मावशीने सांगितलं म्हणून दिव्यासमोर बसून त्राटक सुद्धा केलं. शेवटी कळलं की चाळिशीचा नंबर लागलाय, हाताच्या अंतरावरची फ्रंट साइट डोळ्याला स्पष्ट पकडताच येत नव्हती आणि तो बिचारा प्रत्येक शॉटला ओढाताण करत होता. चष्म्याच्या दुकानात जाऊन "वाचायचा नंबर काढा" म्हणू नका, वाचायचा नंबर पुस्तकाच्या अंतराचा असतो, हात सरळ पुढे करून दाखवा आणि सांगा की मला इथलं टोक स्पष्ट दिसायला हवं, लांबच्या नंबरात साधारण प्लस अर्धा ते पाऊण वाढवून काम होतं. दुसरा डोळा मिटू नका, मिटलेल्या डोळ्याचा ताण उघड्यावर येतो, त्याच्यापुढे पांढरट प्लास्टिकची पट्टी लावा. त्राटकाबद्दल माझं मत, शांत बसायची सवय म्हणून छान आहे, पण मॅचच्या आदल्या रात्री डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ज्योतीकडे बघत बसलात तर सकाळी त्याच डोळ्यांनी साइट बघायची आहे हे लक्षात ठेवा.

एक शॉट, प्रत्येक वेळी तसाच

रोज आंघोळ करताना आधी कुठला हात धुवायचा ह्याचा आपण विचार करतो का? नाही ना. शॉटसुद्धा तसाच सवयीचा झाला पाहिजे, म्हणजे डोक्याला ठरवायला काही उरतच नाही आणि जे ठरवायचं नसतं त्यात घाबरायलाही काही नसतं. माझा क्रम सांगतो, तुमचा वेगळा असला तरी चालेल पण असला पाहिजे आणि रोज तोच पाहिजे.

पेलेट, म्हणजे छर्रा, भरायचा. आपल्या लेनचा नंबर बघायचा, प्रत्येक वेळी, हो प्रत्येक वेळी, हसू नका. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स रायफल थ्री पोझिशनच्या (झोपून, गुडघ्यावर आणि उभ्याने) फायनलमध्ये पहिला चालला होता, शेवटचा एकच शॉट उरला होता, आणि तो त्याने शेजारच्याच्या टार्गेटवर मारला. शॉट चांगला होता पण मिळाला शून्य, आणि गडी पहिल्यावरून आठव्यावर. त्याचं लक्ष नव्हतं असं कोण म्हणेल? लक्ष भरपूर होतं, फक्त क्रमातली एक पायरी सुटली.

मग पाय आणि ग्रिप एकदा जाणवून घ्यायची, खांदा खाली सोडायचा. एक श्वास पूर्ण आत, पूर्ण बाहेर, सोडायला जरा जास्त वेळ. दुसऱ्या श्वासाबरोबर हात वर, टार्गेटच्या थोडा वर, मग श्वास सोडत-सोडत हळूहळू खाली उतरायचं आणि अर्धा श्वास उरला असताना थांबायचं. छाती हलायची थांबते तिथे आपोआप. हात खाली येता-येताच ट्रिगरचा पहिला टप्पा घ्यायचा, डोळे टार्गेटवरून फ्रंट साइटवर आणायचे आणि मनात एकच शब्द. माझा शब्द "दाबत राहा", आमच्याकडच्या एका मुलीचा "लोणी" आहे, का ते तिलाच माहीत पण तिचा ट्रिगर खरंच लोण्यासारखा जातो. शब्द करायच्या गोष्टीचा हवा, टाळायच्या गोष्टीचा नको. "झटका देऊ नको" म्हटलं की डोक्यात झटकाच येतो.

गोळी सुटली की लगेच हात खाली टाकायचा नाही, एक-दोन सेकंद साइटकडे बघत तसंच राहायचं, आणि स्क्रीनकडे बघायच्या आधी स्वतःशी बोलायचं की शॉट कुठे गेला. "नऊ, जरा उजवीकडे." मग स्क्रीन बघायची. ह्याला शॉट कॉल करणं म्हणतात, आणि लक्ष लागलंय की नाही ह्याची ह्याहून खरी परीक्षा मला माहीत नाही, कारण गोळी सुटताना तुम्ही खरंच साइटकडे बघत होता तरच सांगता येतं. माझे सुरुवातीला दहापैकी दोन-तीन बरोबर यायचे. म्हणजे बाकीच्या वेळी डोळे उघडे होते पण मालक घरी नव्हता.

आता सगळ्यात अवघड भाग, खाली उतरणं. आठ-दहा सेकंदांत गोळी गेली नाही तर ट्रिगरवरचं बोट काढा, हात खाली घ्या, श्वास घ्या, परत सुरू करा. श्वास रोखून जास्त वेळ ताटकळलात की नजर मंदावते, साइट सरळ दिसतेय असं वाटतं पण तुम्ही मघाचंच चित्र बघत असता, आणि हात वाढीव हलायला लागतो. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच करत नाही, कारण एवढी मेहनत घेतली आता मारूनच टाकू असं वाटतं, दुकानात तासभर साड्या उलगडून बघितल्या की एक तरी घ्यावीच लागते तसं. सर मागून ओरडतात, "नीचे आ जाओ भिया, गोली कहीं भागी नहीं जा रही." मी स्वतःच एक नियम केलाय की प्रॅक्टिसमध्ये दर दहा शॉटला किमान दोनदा मुद्दाम खाली उतरायचं, सगळं छान जमलेलं असताना सुद्धा. उतरण्याची सवय लागली की मॅचमध्ये लाज वाटत नाही.

ती सदुसष्ट मिनिटं

दोन शॉटच्या मध्ये लक्ष सोडून द्यायचं असतं. मुद्दाम. पिस्तुल टेबलावर, मनगट ढिलं, डोळे जमिनीकडे किंवा एखाद्या साध्या भिंतीकडे, पापण्या मिटा-उघडा करा, पाणी एक घोट. काही जण गाणं गुणगुणतात, मी मनातल्या मनात राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत चालत जातो, दुकानं मोजत. ऐकायला खुळचट वाटेल पण डोक्याला काहीतरी बिनकामाचं दिलं नाही तर ते स्वतःच काम शोधतं आणि त्याचं आवडतं काम म्हणजे बेरीज.

बेरजेची माझी कथा. एका जिल्हा पातळीच्या मॅचला शेवटचे पाच शॉट उरले होते आणि मला दिसलं की पाचही नऊ-दहा गेले तर आयुष्यात पहिल्यांदा ५५० होतात. बस्स, खेळ खल्लास. पुढचा शॉट मारताना मी रेंजवर नव्हतोच, घरी बायकोला सांगत होतो. सहा. मग त्या सहामुळे सात. मग रागाने घाईत आठ. तुम्हाला वाटेल मॅच तिथे हरली, मला वाटतं ती बेरीज केली तिथेच हरली होती.

उपाय साधा आहे, बेरीज करता येणार नाही अशी सोय करा. स्क्रीनवर फक्त शेवटचा शॉट दिसेल असं ठेवता येत असेल तर ठेवा, नाहीतर बेरजेच्या कोपऱ्यावर कागद चिकटवू देत असतील तर विचारून चिकटवा. पेलेट डबीतून दहा-दहाच काढून ठेवा आणि त्या दहाचंच काम डोळ्यासमोर ठेवा. वेळेचंही तसंच, साठ शॉटला पंचाहत्तर मिनिटं म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट, एवढं माहीत असलं की दर दहा शॉटनंतर एकदा घड्याळ बघितलं तरी पुरतं.

वाईट शॉट येणारच. तेव्हा पिस्तुल खाली ठेवायचं, अर्धा मिनिट, आणि स्वतःला एकच प्रश्न, कारण कळलं का? कळलं असेल, समजा ग्रिप सरकली होती, तर ती ठीक करा, नियमात बसत असेल तर एक ड्राय शॉट, म्हणजे बिनगोळीचा, घ्या आणि पुढे चला. कारण कळलं नसेल तर शोधत बसू नका, नेहमीचा क्रम पहिल्या पायरीपासून करा. साइटचे स्क्रू मात्र एका वाईट शॉटवर फिरवायचे नाहीत, तीन-चार शॉटचं ग्रुपिंग एकाच बाजूला गेलं तरच. हे मी पोरांना रोज सांगतो आणि माझा स्वतःचा हात अजूनही स्क्रूकडे जातोच.

एमन्सचंच बघा ना, पुढच्या बीजिंग २००८ ला परत तोच इव्हेंट, परत शेवटचा शॉट, परत पुढे, आणि आला ४.४ (फायनलला गुण दशांशात मोजतात, जास्तीत जास्त १०.९), चौथा नंबर. एवढ्या मोठ्या माणसाचं हे होतं तर आपण एका आठवरून दिवसभर तोंड पाडून बसायचं कशाला. त्याच बीजिंगला अभिनव बिंद्राने शेवटचा शॉट १०.८ मारला, फायनलच्या आधीच्या साइटर शॉटला, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटला, त्याच्या रायफलने चार दाखवला होता तरी. साइट हललेली होती. त्याने ती परत बसवली आणि कामाला लागला. मनू भाकरचं टोकियोला पिस्तुल बिघडलं, वेळ गेला, फायनल हुकली, आणि पॅरिस २०२४ ला तीच दोन ब्राँझ घेऊन आली. आपल्या कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे, तेव्हा रेल्वेत टीसी, पॅरिसच्या फायनलला सुरुवातीला मागे होता आणि उभ्याने मारायच्या भागात वर येऊन ब्राँझ घेतलं. ही नावं मी पोरांना प्रेरणा वगैरे म्हणून सांगत नाही, फक्त एवढं दाखवायला सांगतो की गडबड प्रत्येकाच्या मॅचमध्ये झालेली असते.

घरी काय करायचं

रेंज रोज जमत नाही, पेलेट महाग, ट्रॅफिक आहेच. घरी ड्राय फायरिंग करा, वीस मिनिटं पुरतात, आणि टार्गेट लावू नका, कोरी पांढरी भिंत ठेवा. टार्गेट नसलं की डोळ्याला पळून जायला जागाच नसते, झक मारत साइटवर राहतो. ट्रिगर दाबताना साइट हलली की नाही एवढंच बघायचं. पण आधी पिस्तुल रिकामं आहे हे दोनदा तपासा, पेलेटची डबी दुसऱ्या खोलीत, आणि नळीचं तोंड अशा भिंतीकडे जिच्यामागे किंवा समोर कुणी येणार-जाणार नाही. मॅचच्या बहुतेक एअर पिस्तुलांना ड्राय फायरची सोय असते, ती वापरा. स्प्रिंगवाली एअरगन मात्र रिकामी मारू नका, आत पिस्टन जोरात आपटतो आणि गन खराब होते.

पिस्तुल घरी नसेल तर लिटरभराची पाण्याची बाटली धरा, वजन साधारण तेवढंच होतं, वीस सेकंद धरायचं, चाळीस सेकंद आराम, दहा वेळा. ही ताकद लक्षासाठीच हवी, थकलेला खांदा सारखी हाक मारत राहतो आणि लक्ष तिकडे जातं.

अजून एक, आमच्या पोरांचा लाडका प्रकार. ह्याला आम्ही एक गोळी एक कचोरी म्हणतो. सगळ्यांनी दहा मिनिटं खुर्चीवर बसायचं, गप्पा नाहीत, मोबाइल नाही, मग उठून एकच शॉट, साइटर नाही, सगळ्यात कमी आला त्याने सगळ्यांना कचोरी. अख्ख्या मॅचचं दडपण एका शॉटमध्ये येतं, छातीत धडधडायला लागतं, आणि त्या धडधडीत आपला क्रम टिकतो का ते लगेच कळतं. धडधड बंद करायच्या मागे लागू नका, ती होणारच, तिच्यासकट शॉट मारायचा.

आवाजाचंही तसंच. बिंद्राने बीजिंगच्या आधी लग्नाचा हॉल भाड्याने घेऊन त्यात मोठ्या रेंजसारखी तयारी केली होती म्हणतात, कारण मोठ्या हॉलची सवय हवी. आपल्याला इंदूरात पैसे खर्च करायची गरजच नाही, लग्नसराईत डीजे स्वतःहून घरात येतो. आधी मी खिडक्या लावून ड्राय फायरिंग करायचो, आता अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, निघाल्या की मुद्दाम तेव्हाच करतो. नियम एकच, आवाजाशी भांडायचं नाही. "काय कटकट आहे" असं मनात आलं की लक्ष आवाजावर गेलं. ऐकू आलं, येऊ दे, परत साइट. आणि हे परत येणंच शिकायचं असतं, लक्ष हलू न देणं कुणालाच जमत नाही.

मॅचच्या दिवशी

आदल्या रात्री सराफ्याला, म्हणजे आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जायचं नाही. मला माहीत आहे बाहेरगावचे मित्र मॅचसाठी आलेले असतात आणि गराडूचा (तळलेल्या कंदाचा) सीझन असतो, तरी नाही, रात्री एक वाजता तेलकट खाऊन सकाळी नऊच्या डिटेलला, म्हणजे बॅचला, उभं राहून बघितलंय, पोट आणि पिस्तुल दोन्ही डोलत होते. सकाळी पोहे खा, सवयीचं आहे ते, पण दोन तास आधी आणि जिलेबी सोडून. चहा रोज दोन कप घेत असाल तर एक घ्या, एकदम बंद केलात तर डोकं दुखेल. कॉफीचा प्रयोग त्या दिवशी तर करूच नका.

बीपीची गोळी चालू असेल त्यांनी नीट वाचा. बीटा ब्लॉकर जातीची औषधं, म्हणजे अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल वगैरे, हृदयाचे ठोके कमी करतात, आणि शूटिंगमध्ये ती डोपिंग समजली जातात, मॅचच्या दिवशी तर आहेच पण मॅच नसतानाही. मनाने गोळी बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना सांगा की मी हा खेळ खेळतो, दुसरं औषध चालेल का विचारा, नाहीतर परवानगीची रीतसर प्रक्रिया असते. आणि कुणी मित्र "मॅचच्या आधी अर्धी घे, हात थांबतो" म्हणाला तर त्याला तिथूनच नमस्कार करा.

रेंजवर लवकर पोचा, मोबाइल बॅगेत, बंद. वेटिंगमध्ये बसून दुसऱ्या डिटेलचे स्कोअर बघणं म्हणजे स्वतःच्या हाताने बेरीज सुरू करणं. तयारी आणि साइटरसाठी जी १५ मिनिटं मिळतात त्यात पहिली पाच-सहा मिनिटं तरी ड्राय, मग साइटर, आणि साइटरमध्ये दहा आला की लगेच खूश होऊन थांबू नका, क्रम बसलाय असं वाटेपर्यंत मारा, साइटर कितीही मारता येतात. मे महिन्यात हाताला घाम येतो तर छोटा नॅपकिन टेबलावर, चपटे बूट, कानात प्लग. लेनच्या खालची फरशी पायाने एकदा चाचपून बघा. बिंद्राला अथेन्सला ज्या लेनवर सातवा नंबर आला तिथली फरशी सैल होती हे त्याला नंतर कळलं.

मॅच संपली की स्कोअरबोर्डकडे पळायच्या आधी पाच मिनिटं डायरी. स्कोअर लिहू नका, तो कुठेतरी छापलेला मिळेलच. किती शॉट कॉल बरोबर आले, किती वेळा खाली उतरलो, उतरायला हवं होतं पण उतरलो नाही असं किती वेळा, आणि डोकं नेमकं कुठे पळालं होतं. माझ्या मागच्या मॅचच्या पानावर लिहिलंय, कॉल ६० पैकी ४१, उतरलो ९, उतरायला हवं होतं ५, पळालं तेव्हा ऑफिसच्या ऑडिटकडे. हे लिहून झालं की मग पिस्तुल पुसून पेटीत, सरांना फोन, आणि रात्री सराफा, गराडू, वरून लिंबू.